बादलीभर पाण्यात प्लास्टिकची पारख

मुंबईतील वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी कचरा उचलायला सुरुवात केली आणि पुढे त्या कामात असंख्य विद्यार्थी सामील झाले. तिथून लाखो किलो कचरा निघाला आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्याच वाळूवरून समुद्राकडे जाताना दिसली. हे यश निर्विवाद आहे. तरीही नाल्या-खाड्यांतून समुद्रात गेलेला कचरा भरतीबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येतच राहतो. मुलांना पर्यावरणाच्या कामात आणायचे म्हणजे त्यांच्या हाती झाडू आणि हातमोजे द्यायचे, ही शाळा-महाविद्यालयांत रूढ झालेली कल्पना मला म्हणूनच अपुरी वाटते. ओला-सुका, मातीने माखलेला माल एकाच पिशवीत कोंबला, की त्यातला पुनर्वापराजोगा भागही वाया जातो. स्वच्छता मोहिमेच्या छायाचित्रात हे अर्थातच दिसत नाही.

आपण ज्याला सरसकट प्लास्टिक म्हणतो, ती प्रत्यक्षात एकमेकांत सहजी न मिसळणाऱ्या पदार्थांची एक जमात आहे. पाण्याची साधी बाटली घेतली तरी तिचे अंग ‘पेट’ या पॉलिएस्टरचे असते, झाकण पॉलिइथिलिनचे किंवा पॉलिप्रोपिलिनचे असते आणि लेबल बहुधा तिसऱ्याच कशाचे तरी असते. पेट वितळते २५० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर झाकणाचे पॉलिइथिलिन १३० अंशांच्या सुमारास. हे सारे एकत्र वितळवले, तर थंड झाल्यावर दोन्ही पदार्थ सूक्ष्म पातळीवर विलग राहतात आणि तयार होणारी वस्तू ठिसूळ होते. नळांच्या पाइपांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसी या प्लास्टिकची भेसळ तर याहून घातक असते. पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडतो, आणि तो पेटच्या लांब रेणुसाखळ्या तोडतो. दहा लाख भागांत शंभरेक भाग पीव्हीसी असले, तरी पेटचा दर्जा घसरू शकतो.

हे पदार्थ वेगळे करण्याची पुनर्चक्रण कारखान्यांतील एक मूलभूत पद्धत आठवीच्या मुलांनाही करून पाहता येते, कारण ती उभी आहे घनतेवर. पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिइथिलिन यांची घनता प्रति घनसेंटिमीटर सुमारे ०.९० ते ०.९७ ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा कमी असते; पेटची सुमारे १.३८. बाटलीचे झाकणासकट तुकडे करून पाण्यात टाकले, की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पेट तळाशी जाते. पॉलिस्टायरिनची घनता १.०५च्या आसपास असल्याने त्याचा कडक तुकडा साध्या पाण्यात बुडतो. मात्र लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवले, की तोच तुकडा वर येतो. (थर्माकोल हेही पॉलिस्टायरिनच, पण त्यात बहुतांश हवा असल्याने या चाचणीत त्याचा उपयोग नाही.)

प्रयोग करताना पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालावा, नाहीतर तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आणि पाण्याचा पृष्ठताण बुडणाऱ्या पदार्थालाही तरंगत ठेवतात. निष्कर्ष काढतानाही सावध राहायला हवे. पॉलिप्रोपिलिनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळलेली असली, तर ते बुडते. पीव्हीसी आणि पेट दोन्ही तळाशी जातात, त्यामुळे ही जोडी केवळ पाण्याने वेगळी होत नाही. पण चाचणी कुठे फसते हे शोधण्यातच मुलांचे डोके खरे चालते. प्लास्टिक जाळून त्याच्या वासावरून किंवा ज्वाळेवरून ओळखण्याचा प्रकार मात्र शाळेत मुळीच होऊ देऊ नये, कारण तो धूर विषारी असतो.

ही पारख बादलीशिवायही करणारी माणसे आपल्या शहरांत आहेत. नुसते वाकवून, चुरगळून, आवाज ऐकून अनुभवी कचरावेचक प्लास्टिकची जात ओळखतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घडली, जी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. विज्ञानाच्या तासाला अशा एखाद्या ताईंना बोलावून मुलांचा प्रयोग त्यांच्यासमोर व्हावा. कोणता माल कशामुळे विकला जात नाही, हे त्या पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके सांगतील.

कचरावेचकांना मालाचा भाव वजनावर मिळतो, आणि इथे प्रयोगशाळेतील स्क्रू गेज हे बारीक जाडी मोजण्याचे उपकरण कामाला येते. देशातील नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगची जाडी किमान १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावी लागते. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच अशा पिशव्यांवर बंदी आहे. तरीही बाजारात मिळणाऱ्या पातळ पिशवीची घडी घालून दहा थरांची जाडी एकत्र मोजली आणि दहाने भागले, तर ०.०१ मिलिमीटर लघुतम माप असलेल्या उपकरणानेही एका मायक्रॉनपर्यंतचा अंदाज बांधता येतो. मग गणित करून पाहावे. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरची, २० मायक्रॉन जाडीची पिशवी दोन्ही बाजू धरून जेमतेम साडेसात ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो व्हायला सुमारे १३५ पिशव्या वेचाव्या लागतील. १२० मायक्रॉनच्या तेवीसेक पिशव्यांत तेवढेच वजन होते. पातळ पिशवी रस्त्यावर का पडून राहते, याचे बरेचसे उत्तर या भागाकारात आहे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा न करता तो पिशवीलाच लटकता ठेवावा, ही सूचनाही याच हिशेबातून आलेली आहे, कारण तो इवलासा तुकडा वेचायला कोणी थांबत नाही.

आठवडाभराचा शाळेचा सुका कचरा अशा रीतीने छाटून, धुऊन, जातवार तोलला, तर तळाशी एक गठ्ठा उरतो, ज्याला पाणी, मीठ आणि गेज यांपैकी कशाचाच उपाय चालत नाही. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने त्यात मोडतात. वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर आणि ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप एकमेकांना घट्ट चिकटवून ती बनवलेली असतात, आणि हे थर सुटे करणे आजही इतके खर्चिक आहे, की अशा मालाचा मोठा भाग सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळला जातो. मुलांनी वेष्टने घासूनपुसून धुतली, तरी यात काही फरक पडत नाही; इथे बदल वेष्टनाच्या रचनेतच व्हायला हवा. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. त्यामुळे कोणत्या कंपनीची किती वेष्टने, किती ग्रॅम, हा विद्यार्थ्यांनी नोंदवलेला तक्ता फलकावर लावून न थांबता त्या कंपनीला आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावा, आणि मोजमापाची पद्धतही त्याला जोडावी, म्हणजे कोणालाही तो तपासून पाहता येईल.