प्लगचं टोक चकाचक केलं, तरी गाडी मिसिंग का मारते?

गाडी मिसिंग मारायला (मधेच ठिणगी चुकून धक्के खायला) लागली की स्पार्क प्लग काढायचे, पॉलिश पेपरने टोक घासायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायचे, हा उद्योग आपल्याकडे पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यापासून चालू आहे. कधी गाडी खरंच सुधारते, आणि कधी चार दिवसात परत ये रे माझ्या मागल्या. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, घासलं जातं ते टोक आणि घाण बसलेली असते आत, त्या पांढऱ्या पोर्सिलेनवर.

प्लगच्या मधोमध एक इलेक्ट्रोड असतो, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनाचं सिरॅमिक (आपण ज्याला सरळ पोर्सिलेन म्हणतो ते) आणि सगळ्यात बाहेर आटे असलेली लोखंडी बॉडी. कॉइलकडून (बॅटरीचं व्होल्टेज चढवून देणारा भाग) 15-20 हजार, वेळ पडली तर त्याहून बरेच जास्त व्होल्ट येतात. पोर्सिलेनमधून वीज जात नाही, त्यामुळे तिला दुसरी वाटच राहत नाही आणि ती टोकाशी असलेल्या मिलिमीटरभर फटीतून उडी मारते, तीच आपली ठिणगी. आता काजळी म्हणजे कार्बन, आणि या कार्बनमधून वीज वाहते. पोर्सिलेनवर काजळीचा सलग थर बसला की विजेला उडी मारायची गरजच उरत नाही, ती त्या थरावरून गुपचूप सरकत बॉडीत उतरते. कॉइलचं व्होल्टेज चढायच्या आतच गळून जातं. इंजिन 3000 आरपीएमला असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला 25 ठिणग्या लागतात, त्यातल्या थोड्या जरी चुकल्या तरी गाडी धक्के खायला लागते.

आता गॅरेजमधली ती फेमस टेस्ट. प्लग वायरला लावायचा, बॉडी इंजिनला टेकवायची, सेल्फ मारायचा, निळी ठिणगी दिसली की "प्लग ओके आहे साहेब". पण उघड्या हवेत एक मिलिमीटर फटीला साधारण 3 हजार व्होल्ट पुरतात हो! सिलिंडरमधे ठिणगी पडायच्या वेळी मिश्रण दाबून बाहेरच्या कितीतरी पट दाबावर आलेलं असतं आणि दाब वाढेल तसं उडी मारायला लागणारं व्होल्टेजही वाढतं. म्हणजे बाहेर झकास दिसणारा प्लग आत गेल्यावर काजळीची सोपी वाट धरू शकतो. त्यापेक्षा मल्टिमीटर लावून बघा, वरचं टर्मिनल आणि बॉडी यांच्यामधे रेझिस्टन्स मोजायचा, धड प्लगला तो जवळपास अनंत दाखवतो, 10 मेगाओमच्या खाली आला तर गळती चालू आहे असं समजा.

विमानवाले याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. पिस्टन इंजिनाची जी छोटी ट्रेनर विमानं एव्हगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) चालतात, त्यांच्या इंधनात अजून शिसं असतं (आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून ते 2000 सालीच गेलं), त्यामुळे प्लगच्या आत शिशाचे बारीक मणी जमतात. दर 100 तासांच्या तपासणीला वगैरे प्लग काढून ते मणी टोकरून काढतात, प्लग साफ करतात, गॅप (टोकाशी असलेली फट) बघतात आणि मग टेस्ट करतात ती दाबाच्या हवेत. एका सिलिंडरला दोन-दोन प्लग असल्याने चार सिलिंडरच्या इंजिनाचे आठ प्लग, म्हणजे कामही बरंच. थोडक्यात प्लग साफ करून वापरणं हा काही कंजूषपणा नाही, नीट केलं तर.

बरं, काजळी मुळात बसते कशाने? प्लगचं आतलं नाक (इंजिनात शिरलेलं पोर्सिलेनचं टोक) साधारण 450-500 डिग्री सेल्सिअसच्या वर गेलं की कार्बन आपोआप जळून जातो, आणि 850 च्या आसपास गेलं तर ते इतकं लाल होतं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. या दोन आकड्यांच्या मधे प्लगने राहायचं. सकाळी पोरांना शाळेत सोडून परत, संध्याकाळी कोपऱ्यावर दूध आणायला, एवढंच गाडीचं आयुष्य असेल तर इंजिन तापतच नाही आणि काजळी साठत जाते. अशी कोरडी हलकी काजळी हायवेला अर्धा तास गाडी पळवली तरी बऱ्याचदा जाते. मात्र गाडी आधीच जोरात मिसिंग मारत असेल तर हा प्रयोग नको, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर साफ करणारं यंत्र) जाऊन तिथे जळतं आणि तो तापून खराब होतो, त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक सेट येतील. दुसरं कारण, चुकीच्या हीट रेंजचा प्लग (हीट रेंज म्हणजे प्लग नाकाची उष्णता किती पटकन बाहेर टाकतो ते, पटकन टाकणारा तो थंड). यात गंमत अशी की एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या प्लगवर बरोबर उलटं, त्यामुळे आकडा बघून "तोच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेऊ नका.

साफ करण्याआधी रंग बघा, आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. फिकट बदामी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा. ओला, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व सील गेलेत, आणि हा प्लग तुम्ही कितीही घासा, तो परत तसाच होणार. पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे जास्त तापलाय. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा प्लग तसाही फिकटच दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

साफ करायचा तर कार्ब क्लीनर किंवा थोडं पेट्रोल, नायलॉनचा ब्रश, आणि नाकाभोवतीच्या खोल खाचेत शेवटपर्यंत पोचायचं, मग कॉम्प्रेसरच्या हवेने पूर्ण वाळवायचा. तारेच्या ब्रशने पोर्सिलेन घासू नका, त्यावर धातूच्या रेघा उमटतात आणि त्यातूनही वीज गळते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. गॅसच्या बर्नरवर धरून जाळायची पण एक पद्धत आहे, ती नको, अचानक तापून पोर्सिलेनला बारीक तडा जातो जो डोळ्यांना दिसतही नाही. सँडब्लास्टिंग चांगलं काम करतं पण खाचेत अडकलेला वाळूचा एक कण पुढे सिलिंडरमधे पडतो. साध्या निकेलच्या प्लगच्या टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर बारीक कानस हलकीच फिरवा, धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप बघा. इरिडियमला मात्र हात लावू नका, त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, ब्रशने गेलं तर गेलं.

परत बसवताना इंजिन थंड हवं, आणि पहिले आटे हातानेच, कारण अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे गेले की खर्च कुठल्या कुठे जातो. नवीन प्लग हाताने बसल्यावर पान्याने अर्धा फेरा पिळतात कारण वॉशर दबायचा असतो, जुन्याचा वॉशर आधीच दबलेला असतो त्यामुळे त्याला फेऱ्याचा बारावा भाग एवढंच पुरतं.