परदेशी नोकरीच्या काळात गाडीचा विमा 'थांबवणे': पात्रता, कागदपत्रे, अर्ज आणि वाद झाल्यास तक्रार

ऑनसाइटची ऑर्डर हातात पडली की माणूस व्हिसा, मुलांची शाळा आणि फ्लॅटचा भाडेकरू यांत बुडतो. गाडीचा विमा आठवतो तो नूतनीकरणाचा मेसेज आल्यावर. मग मला फोन येतो, "मी सहा महिने जर्मनीत आहे, गाडी खाली कव्हर घालून उभी आहे. तेवढ्या दिवसांचे पैसे परत मिळतील ना?" पुण्यात वाहन विम्याचं काम करतो, त्यामुळे असे फोन वर्षभर चालू असतात. उत्तर 'हो' असू शकतं, पण जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडकतो. विमा थांबतो तो गाडी बंद ठेवल्यामुळे. मालक परदेशात आहे की शेजारच्या गल्लीत, याच्याशी त्याचा संबंध नाही.

कोथरूडच्या एका गृहस्थांनी परत आल्यावर आठ महिन्यांच्या सवलतीची मागणी केली आणि पुरावा म्हणून पासपोर्टवरचे शिक्के जोडले. कंपनीने फास्टॅगचं स्टेटमेंट मागितलं. त्यात दिवाळीच्या आठवड्यात खेड शिवापूर टोलनाका दोनदा दिसत होता. मेव्हण्याने गाडी गावाला नेऊन आणली होती आणि या गृहस्थांना ते माहीतही नव्हतं. शिक्के खरे होते, पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच की गाडी दुसऱ्याने चालवली. अर्ज फेटाळला गेला आणि तिथे मला कंपनीची चूक दिसली नाही. घरात किल्ली कोणाकडे आहे, हे जाण्याआधीच ठरवा.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) हवाच. नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "गाडी उभीच आहे, वापर कुठे?" हा युक्तिवाद फार ताणू नका. १९८७ साली सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ महामार्गालगत पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. टँकर तेव्हा हलतही नव्हता. तरीही तो 'वापर'च, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलं. म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीचा विमा थांबवायचा विचारही करू नका. बंद गॅरेज किंवा सोसायटीतली स्वतःची नेमून दिलेली जागा असेल तरच पुढे वाचा.

या सोयीला आमच्या धंद्यात 'ले-अप' म्हणतात आणि ती पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या एका एंडोर्समेंटने, म्हणजे अटी बदलणाऱ्या पुरवणीने, मिळते. परतीची तारीख ठरलेली असेल तर 'आयएमटी ११ ए' (आयएमटी म्हणजे इंडिया मोटर टॅरिफ, त्यातला हा पुरवणीचा क्रमांक), ठरलेली नसेल तर '११ बी'. '११ बी' घेतली असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना तो काळ संपवणारी '११ सी' घ्यावी लागते. कॉल सेंटरवरच्या मुलांना ही नावं बहुतेक वेळा माहीत नसतात. ते सरळ "पॉलिसी कॅन्सल करून देऊ का?" विचारतात. हो म्हणू नका. ईमेलमध्ये हेच क्रमांक लिहा, म्हणजे पत्र योग्य टेबलावर जातं.

एंडोर्समेंट लागू झाली की कंपनीची जबाबदारी त्या काळापुरती थांबते, पण पूर्ण नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, दोन्ही धरणाऱ्या) आग, स्फोट, वीज, चोरी, घरफोडी, दंगल, संप, वादळ, पूर आणि भूकंप यांचं संरक्षण चालूच राहतं. पावसाळ्यात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर दावा करता येतो. पण शेजारच्याने रिव्हर्स घेताना बंपर फोडला, किंवा तुमच्या भाच्याने गाडी बाहेर काढून कुणाला धडक दिली, तर पैसे तुमच्या खिशातून. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ले-अपच्या काळात काहीच उरत नाही. आणि एक सापळा: ऑनलाइन नोंदीत विम्याची अखेरची तारीख पुढची दिसते, म्हणून संरक्षण चालू आहे असं घरच्यांना वाटतं. तसं समजून कुणी गाडी काढू नये.

अर्ज गाडी बंद ठेवण्याआधी करायचा असतो. मागच्या तारखेपासून ले-अप मागणारे अर्ज मी तरी मंजूर झालेले पाहिलेले नाहीत. ही सवलत कंपनीने मान्य करून एंडोर्समेंट दिल्यावरच लागू होते, नुसता ईमेल पाठवला म्हणून नाही. कमीत कमी किती काळ गाडी बंद हवी आणि तुमची पार्किंगची जागा 'गॅरेज' म्हणून चालेल का, हे दोन प्रश्न अर्जातच विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

अर्ज साधा असतो: पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, गाडी कुठे उभी राहणार याचा पूर्ण पत्ता, आणि त्या काळात ती वापरली जाणार नाही हे हमीपत्र. सोबत पॉलिसी आणि आरसीची प्रत, तुमच्या नोकरीच्या कंपनीचं डेप्युटेशनचं पत्र किंवा व्हिसा, तिकीट. याशिवाय मी तीन गोष्टी जोडायला लावतो. सोसायटीच्या सचिवांचं जागेबद्दलचं पत्र, निघण्याच्या दिवशीचा ओडोमीटरचा तारखेसह फोटो आणि फास्टॅगचं शेवटचं स्टेटमेंट. परत आल्यावर तोच ओडोमीटरचा फोटो पुन्हा. वाद झाला तर पासपोर्टपेक्षा हे दोन फोटो जास्त बोलतात. बॅटरी उतरू नये म्हणून वॉचमनला दर रविवारी इंजिन चालू करायला सांगतात, तेही टाळा. निगेटिव्ह तार काढून ठेवा, प्रश्नच मिटतो.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेला आधी विचारा, कारण कर्जाच्या करारात बहुधा पूर्ण विम्याची अट असते. आरटीओला मात्र काही कळवायची गरज नाही. महाराष्ट्रात खासगी कारचा कर एकदाच भरलेला असतो. 'नॉन-यूज'ची, म्हणजे गाडी वापरात नसल्याची, सूचना प्रवासी आणि मालवाहू गाड्यांच्या मालकांच्या कामाची.

तुमच्या माघारी सह्या कोण करणार? विमा कंपनीला बहुतेक कामांसाठी नोंदलेल्या ईमेलवरून पाठवलेलं अधिकारपत्र पुरतं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र वापरायचं असेल तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी न आल्याने अडकलेले अर्ज मी हाताच्या बोटांवर मोजायचं सोडून दिलंय.

आता पैसे, कारण खरी भांडणं इथेच. रोख परतावा मिळत नाही. दोन पर्याय असतात. एक, पुढच्या नूतनीकरणाच्या प्रीमियममधून रक्कम वजा होते. दोन, पॉलिसीची मुदत तेवढी वाढते, आणि बंद काळातल्या आग-चोरीच्या संरक्षणाचा थोडा प्रीमियम तुम्ही वेगळा भरता. वजावटीत पूर्ण प्रीमियमचा त्या दिवसांचा हिस्सा धरतात आणि त्यातून आग-चोरीचा हिस्सा कापतात. त्यामुळे सहा महिन्यांसाठी अर्धे पैसे येतील ही अपेक्षा ठेवू नका.

मग नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीची, गंमत. एंडोर्समेंटच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असतं की वजावट आधी, बोनस नंतर. समजा पुढच्या वर्षीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १६,००० रुपये आहे, वजावट ४,००० आणि बोनस ५० टक्के. बहुतेक ग्राहक असा हिशेब करतात: १६,००० चे निम्मे ८,०००, वजा ४,०००, म्हणजे ४,००० भरायचे. कंपनीचा हिशेब: १६,००० वजा ४,००० म्हणजे १२,०००, त्याचे निम्मे ६,०००. तुमची ४,००० ची सवलत प्रत्यक्षात २,००० ची झाली. ग्राहक याला फसवणूक म्हणतात, पण कलम तसंच आहे आणि या मुद्द्यावर तक्रार टिकायची नाही. बोनस मोठा असेल, किंवा परत आल्यावर कंपनी बदलायची किंवा गाडी विकायची असेल, तर मी मुदतवाढ घ्यायला सांगतो.

कधी कधी ले-अपची झंझटच नको, फक्त थर्ड पार्टी विमा ठेवू असं वाटतं, तेही बरोबर असतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसी कारचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. नव्या गाडीवर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आधीच घेतलेला असतो, तेव्हा तो राहू द्यावा. स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी मात्र संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर साठलेला बोनस जातो, हे विसरू नका. पूर्ण रद्द करण्याबद्दल: जून २०२४ पासून ग्राहक कारण न देता पॉलिसी रद्द करून उरलेल्या दिवसांचे पैसे मागू शकतो, दावा केलेला नसेल तर. पण थर्ड पार्टीचा भाग दुसरीकडे विमा असल्याचं दाखवल्याशिवाय सहसा रद्द होत नाही. तिकडे परदेशात गाडी घेऊन बोनस मिळवला असेल तर त्याचा दाखला जपून आणा. तो विमा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली तर तो बोनस धरला जाऊ शकतो.

अर्ज विनाकारण नाकारला, किंवा एंडोर्समेंट देऊनही वजावट दिली नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. फोनवरच्या तक्रारीला किंमत नाही, क्रमांक असलेला ईमेलच हवा. त्याच वेळी विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारा अधिकारी. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. तुमच्या राहत्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या शाखेवरून हद्द ठरते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार द्यायची, फी नाही, वकील चालत नाही. सुनावणी व्हिडिओवरही होते, तेव्हा म्युनिकमधून रजा काढून यायची गरज पडत नाही. फक्त भारतीय वेळ नीट बघा. एक जण सकाळी अकरा म्हणजे तिथले अकरा समजून बसला होता.

तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, आणि भरलेला मोबदला (म्हणजे प्रीमियम) ५ लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी लागत नाही.