गॅस्केट नवं, बोल्ट जुनेच

एखाद्या कंपनीवर जीव असलेला माणूस पहिल्या बिघाडाला पाठ फिरवत नाही. यंत्र आहे, बिघडायचंच, असं म्हणून गाडी वर्कशॉपला सोडून येतो. तोच दोष घेऊन तिसरा खेटा पडला, की राग गाडीवरून कंपनीच्या नावावर सरकतो. ओल्ड्समोबिलच्या डिझेल गाड्यांचं असंच झालं.

1977 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या या ब्रँडने दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या होत्या. 1973च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याची घाई होती, म्हणून 1978च्या मॉडेलांत 5.7 लिटरचं डिझेल इंजिन आलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मजबूत केला होता. पेट्रोलचंच इंजिन जसंच्या तसं खपवलं, हा आरोप मला अर्धाच खरा वाटतो. पण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच राहिली, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्याचं प्रमाण, तर दुपटीहून जास्त. बोल्ट ताणले जायचे, हेड आणि ब्लॉकमधली सीलबंद चकती, म्हणजे हेड गॅस्केट, जायचं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सिलिंडरमध्ये शिरायचं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरही नव्हता, त्यामुळे इंधन पंप आणि इंजेक्टर गंजायचे. त्यात कित्येक मेकॅनिक गॅस्केट नवं घालून ताणलेले बोल्टच पुन्हा आवळायचे. गाडी थोड्याच दिवसांत परत दारात.

पुढे ब्लॉक सुधारला, पण तोवर नाव गेलं होतं. 1985मध्ये हे इंजिन बंद झालं. गंमत म्हणजे त्या वर्षीही ओल्ड्समोबिलच्या दहा लाखांवर गाड्या खपल्या. विश्वास उडाल्याचं विक्रीच्या आकड्यात लगेच दिसत नाही. ब्रँड 2004मध्ये बंद पडला. त्याचं खापर एकट्या डिझेलवर फोडणं मात्र अन्यायाचं.

याच काळात, 1982मध्ये, कनेक्टिकट राज्याने अमेरिकेतला पहिला ‘लेमन लॉ’, म्हणजे सदोष नव्या गाड्यांबाबतचा कायदा, केला. चारदा दुरुस्त करूनही तोच दोष राहिला, किंवा नवी गाडी एकूण 30 दिवस दुरुस्तीत अडकली, तर बदली गाडी किंवा पैसे मागायची सोय झाली. ‘पुन्हा पुन्हा’ म्हणजे किती वेळा, हे पहिल्यांदाच कायद्यात आकड्याने आलं.

दोष निघूनही नाव राखता येतं. 1989च्या अखेरीस टोयोटाच्या लेक्सस या महागड्या ब्रँडने मोजक्या तक्रारींवरून सुमारे 8,000 गाड्या परत मागवल्या. ग्राहकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत दिल्या.

ह्युंदाईचा रस्ता लांबचा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत तिची स्वस्त पण कच्ची गाडी अशी ख्याती झाली. ती पुसायला 1998मध्ये कंपनीने इंजिन-गिअरबॉक्सला 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली आणि गेलेले ग्राहक हळूहळू वळले. मग 2015पासून कंपनीच्याच थीटा-2 इंजिनांच्या गाड्या परत मागवणं सुरू झालं: आतल्या धातूच्या कणांनी बेअरिंगचं तेल अडायचं, इंजिन जाम व्हायचं. शेवटी अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यांच्या तडजोडीत कंपनीला त्या इंजिनांच्या मुख्य भागाची आयुष्यभराची वॉरंटी द्यावी लागली.