मशीनवरचा ‘2’ म्हणजे दोन लिटर नव्हे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ऑक्सिजन 2 लिटर’ असं लिहिलेलं असतं. घरचे लोक खांद्याला अडकवता येणारं दोन-अडीच किलोचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आणतात, आकडा 2 वर ठेवतात आणि पेशंटला घेऊन बाहेर पडतात. जिना उतरेपर्यंत ऑक्सिमीटर 84 दाखवू लागतो. मशीन बिघडलेलं नसतं. चिठ्ठीतले 2 आणि मशीनवरचे 2 ही मुळातच वेगवेगळी मापं आहेत.

चिठ्ठीतले 2 म्हणजे मिनिटाला दोन लिटर, अखंड. खांद्यावरची बहुतेक यंत्रं अखंड प्रवाह देतच नाहीत. श्वास आत घेतल्याची चाहूल लागली की ती नळीतून ऑक्सिजनचा एक छोटा झोत सोडतात. याला पल्स म्हणतात. एका प्रचलित प्रकारात प्रत्येक आकड्यामागे मिनिटाला सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन तयार होतो. म्हणजे 2 वर 420 मिलिलिटर, अर्धा लिटरही नाही.

तरीही बसलेल्या माणसाला तो बऱ्याचदा पुरतो. अखंड प्रवाहातला पुष्कळसा ऑक्सिजन श्वास सोडताना वायाच जातो. श्वास घेतानाही सुरुवातीला आत गेलेली हवाच फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचते, शेवटची श्वासनलिकेतच राहते. झोत नेमका सुरुवातीला मिळाला तर थोडक्यात काम भागतं.

अडचण चालताना येते. मिनिटाला 20 श्वास असतील तर 420 मिलिलिटरचे 21-21 मिलिलिटरचे झोत होतात. श्वास 30 वर गेले की तोच साठा 14-14 मध्ये वाटला जातो. शरीराला जास्त ऑक्सिजन लागतो तेव्हाच प्रत्येक श्वासाला कमी मिळतो! दुसऱ्या प्रकारची यंत्रं झोत तेवढाच ठेवतात, पण त्यांनाही निर्मितीची कमाल मर्यादा असतेच. म्हणून दुकानात दोन गोष्टी विचाराच: मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर मिळतो, आणि श्वास वाढले की झोताचं काय होतं? माहितीपुस्तिकेत याचा तक्ता असतो. तो दाखवता येत नसेल तर तिथून मशीन घेऊ नये.

पल्सवर नळीही फार लांब चालत नाही. साधारण दोन मीटरपेक्षा जास्त झाली की श्वासाची चाहूल यंत्रापर्यंत उशिरा पोहोचते. मध्ये ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली जोडली तरी तेच. झोपेत श्वास उथळ होतो, तोंड उघडं राहतं, झोत चुकतात. रात्रीसाठी अखंड प्रवाहाचं घरचं मोठं कॉन्सन्ट्रेटरच धरून चाला, झोपेतही पल्स पुरतं असं डॉक्टरांनी वेगळं तपासून सांगितलं नसेल तर.

अखंड प्रवाह देणारी चाकांची यंत्रंही मिळतात. ती जड असतात आणि 2 लिटरवर बॅटरी तास-दोन तासांत संपते. फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात (आयएलडी) चालताना पातळी झपाट्याने घसरते आणि पल्स अपुरं पडण्याची शक्यता जास्त. तिथे जडपणा सोसावा लागतो, किंवा सिलिंडर.

सिलिंडरचा हिशोब सोपा आहे. बाटल्यात किती लिटर पाणी मावेल ती क्षमता गुणिले मीटरवरचा दाब (बारमध्ये), भागिले प्रवाह, की मिनिटं मिळतात. घरोघरी दिसणारा बी-टाइप 10 लिटरचा. 150 बारला भरला की 1500 लिटर, 2 लिटरने साडेबारा तास. पण तो उचलून फिरता येत नाही, वीज गेल्यावरचा आधार म्हणूनच ठेवावा. 1.7 लिटरचा ॲल्युमिनियमचा बाटला 255 लिटर देतो, म्हणजे दोन तास. शेवटचे 20 बार हिशोबात धरू नका; दवाखान्यात रांग लांबते, रस्त्यात ट्रॅफिक लागतो. व्हॉल्व्ह, वॉशर यांना तेल, ग्रीस कधीही लावायचं नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. नळी नाकात असताना गॅसची शेगडी आणि देवघरातलं निरांजन दोन्हींपासून दोन-तीन मीटर लांब राहायचं. बिडी-सिगारेट तर घरात कुणीही ओढायची नाही.

परदेशात द्रवरूप ऑक्सिजनही घरी वापरतात. एका लिटर द्रवाचा सुमारे 860 लिटर वायू होतो, पण तो न वापरताही उडून जातो आणि टाकी भरून देणारी व्यवस्था लागते.

यंत्र कोणतंही निवडा, पैसे देण्याआधी तेच यंत्र लावून डॉक्टरांसमोर सहा मिनिटं चालून पाहा, बोटाला ऑक्सिमीटर ठेवून. सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) सहसा 88 ते 92 टक्के पुरे असतात. आकडा 98 दिसावा म्हणून प्रवाह वाढवू नका. काही पेशंटच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकेदुखी, गुंगी येते. आणि दम लागतो म्हणून ऑक्सिजन, असंही नाही. 1980 आणि 1981 मधल्या दोन चाचण्यांतून आयुष्य वाढल्याचं दिसलं ते बसल्या जागी पातळी खूप खाली असलेल्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये, तेही दिवसातून किमान 15 तास वापरल्यावर. पातळी थोडीशीच कमी असलेल्यांना फायदा झाला नाही, हे 2016 च्या अमेरिकी चाचणीने दाखवलं.

ऑनलाइन ‘1 ते 7 लिटर’ लिहिलेली स्वस्त यंत्रं घेताना बारीक अक्षरं वाचा. त्यातली कित्येक 1 लिटरला 90 टक्क्यांच्या पुढे ऑक्सिजन देतात आणि 7 लिटरला जेमतेम 30 टक्के. साध्या हवेतच 21 टक्के असतो.

2021 च्या कोविडच्या लाटेत घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडलं असेल तर ते तसंच सुरू करून विसंबू नका. आतल्या झिओलाइटच्या खड्यांचं काम हवेतला नायट्रोजन धरून ठेवण्याचं. पण ते ओलावाही शोषतात, आणि कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होऊ शकतात. यंत्र गुरगुरतं, नळीतून हवा येते, फक्त तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. ऑक्सिजन ॲनलायझर (हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं उपकरण) लावून, पेशंटला लागणाऱ्या प्रवाहावर अर्धा तास चालवून मोजून घ्या. 90 टक्क्यांच्या आसपास आकडा स्थिर राहिला तर वापरा. 85 च्या खाली असेल तर खड्यांचे डबे बदलावे लागतील.