सव्वीस पीएसआयचा हिशेब

९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीच्या चाकांवर होते. भर वेगात टायरचा ट्रेड, म्हणजे नक्षीचा जाड थर, सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. एनएचटीएसए या तिथल्या वाहनसुरक्षा यंत्रणेने पुढे या टायरांशी जोडलेले मृत्यू मोजले, ते २७१ भरले. फोर्ड म्हणे टायर वाईट, फायरस्टोन म्हणे गाडीच वाईट. जवळपास शंभर वर्षांची सोयरीक मे २००१ मध्ये तुटली. भांडण चवीने वाचावं असं आहे खरं, पण खरी गंमत टायरच्या खांद्यापाशी, म्हणजे ट्रेडच्या कडेपाशी आहे.

रेडियल टायरमध्ये ट्रेडखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. तारांवर पितळेचा मुलामा असतो. त्यातलं तांबं आणि रबरातलं गंधक यांचा रासायनिक बंध तयार होतो, म्हणून रबर तारेला घट्ट धरून राहतं. पट्ट्याच्या कडेला मात्र तारा कापलेल्या असतात, आणि कापलेल्या टोकाला मुलामा कुठला? शिवाय चाकाच्या प्रत्येक फेरीत दोन्ही पट्टे एकमेकांवर किंचित सरकू पाहतात आणि तो ताण सगळ्यात जास्त याच कडांवर येतो. त्यासाठी तिथे पट्ट्यांच्या मध्ये रबराची पाचर घालतात. ऑक्टोबर २००१ मध्ये एनएचटीएसएने बोट ठेवलं ते या पाचरीवर: तडा अडवायला ती अपुरी होती. कडेला पडलेला तडा दोन पट्ट्यांच्या मधून आत आत जातो. वरून टायर धडधाकट दिसतो.

आता हवेचं बघू. एक्सप्लोररसाठी फोर्डने २६ पीएसआयची (दर चौरस इंचाला इतके पौंड, असं हवेच्या दाबाचं माप) शिफारस केली होती. रिकॉलनंतर फायरस्टोनने ३० सांगितली. चार पीएसआयने काय बिघडतं? हवा कमी असली की टायर जमिनीशी जास्त दबतो आणि प्रत्येक फेरीत रबर जास्त वाकतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की बोटांना चटका बसतो, तेच इथे होतं. तापलेलं रबर तड्याला कमी विरोध करतं, आणि ऑक्सिजनमुळे ते लवकर म्हातारंही होतं. ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उन्हाच्या राज्यांत हे टायर जास्त का फाटले, याचं उत्तर इथे मिळतं. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात निघण्याआधी हवा बघा असं सांगतात, त्यामागचं शास्त्र हेच.

मग २६ कशाला? चाल मऊ राहते, हे एक. गाडी उलटू नये म्हणून आकडा खाली आणला, असा टीकाकारांचा आरोप होता. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं की गाडी किती सहज उलटेल याचा ढोबळ अंदाज येतो; आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. साध्या कारसाठी हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्हींसाठी १ ते १.३. मागच्या चाकाचा ट्रेड गेला की पकड जाते, गाडीचा मागचा भाग बाजूला झुकांडी खातो, आणि उंच गाडी तिथेच आडवी होते. तरी फेब्रुवारी २००२ मध्ये एनएचटीएसएने एक्सप्लोररची चौकशी करायला नकार दिला. त्यांच्या मते ट्रेड गेल्यावर इतर एसयूव्हीही तशाच वागत होत्या. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण ऐकून बरं वाटत नाही.

दोष आधी कुणाच्या लक्षात आला? विमावाल्याच्या. स्टेट फार्म कंपनीतल्या सॅम बॉयडेन यांना दाव्यांच्या कागदांत असे २१ अपघात दिसले. १९९८ मध्येच त्यांनी ते एनएचटीएसएला कळवले, पण तेव्हा कुणी हललं नाही. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर दाखवलं, की फायरस्टोनच्या इलिनॉय राज्यातल्या डिकेटर इथल्या कारखान्यात मालक-कामगार संघर्ष सुरू असताना बनलेले टायर जास्त निकामी झाले. म्हणजे रसायनशास्त्राच्या बरोबरीने कामगारांचं मनही त्या रबरात उतरलं होतं.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यातूनच हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर लागणारा पिवळा दिवा तिथे सक्तीचा झाला. नियमाप्रमाणे शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की तो लागायला हवा. पण मुळात शिफारसच २६ ची असेल, तर दिवा लागेल साडेएकोणीसला.