आवाज चढतो तेव्हा भार उतरतो

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अरे, जरा येऊन जा. मशीन कालपासून नुसतं किंचाळत होतं, आत्ता तर बंदच पडलं." कोथरूडच्या आमच्या सोसायटीत उभा व्हॅक्यूम क्लीनर असलेलं हे एकच घर. त्यांचा मुलगा न्यू जर्सीहून कायमचा परत आला, तेव्हा दोन गालिच्यांबरोबर हे धूडही आलं. काकूंनी आधी एका दुरुस्तीवाल्याला फोनवरूनच आवाज ऐकवला होता. त्याचं निदान तयार होतं: मोटरवर ताण येतोय, जळत आलीय, नवी टाकावी लागेल.

पाऊण तास मशीनला हात लावला नाही. गार झाल्यावर बटण दाबलं, तर ते चालू झालं आणि खरंच किंचाळायला लागलं. माझ्याकडे प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारं छोटं वॉटमीटर आहे. मशीनवरच्या पट्टीवर छापलं होतं १२० व्होल्ट, १२ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १,४४० वॅट. मीटर दाखवत होतं ८७०. ताण येत असता तर आकडा वर जायला हवा होता. इतकी टिपेला गेलेली मोटर वीज मात्र कमी खात होती. मोटर दमलेली नव्हती, तिला कामच उरलं नव्हतं.

आवाज चढला की मोटरवर भार आला, हा समज मी इंजिनिअर मंडळींच्या घरीही ऐकला आहे. तो चुकीचा का, हे समजून घेतलं तर घरातला हा क्लीनर अर्ध्याहून अधिक वेळा आपल्या आपण दुरुस्त करता येतो.

सुरुवात 'ओढण्या'पासून करू. व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही. तो आतला हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची हवा आत घुसताना धूळ ढकलून नेते. शहाळ्याच्या नळीतून पाणी वर येतं तेही असंच. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. पुणे साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याकडे तो सहा टक्क्यांच्या आसपास कमी. चांगला घरगुती क्लीनर यातले वीसेक किलोपास्कल घटवतो, म्हणजे दोन मीटर उंच नळीतून पाणी वर चढवण्याइतके. नावात निर्वात असला, तरी आत चार पंचमांश हवा शिल्लकच असते.

हा दाब कमी करतो एक छोटा पंखा. डोक्यावरच्या पंख्यासारखा हा वारा पुढे ढकलत नाही. दोन चकत्यांच्या मध्ये वाकडी पाती बसवलेली असतात, हवा मधल्या भोकातून आत येते आणि गोफणीतल्या दगडासारखी कडेने बाहेर भिरकावली जाते. मध्यभागी हवा विरळ होते, तेच आपलं 'सक्शन'. दहा सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १५७ मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे ५६५ किलोमीटर. विमानांच्या भाषेत बोलावं असा हा वेग काकूंच्या हॉलमध्ये टीपॉयशेजारी चालू असतो. मला या गोष्टीचं कौतुक अजून संपत नाही.

आता या पंख्याचं काम म्हणजे काय? आत येणाऱ्या प्रत्येक ग्रॅम नव्या हवेला गिरकी द्यायची आणि बाहेर फेकायचं. हवा जितकी जास्त येईल, तितकं काम जास्त. वाट बंद झाली, तर नवी हवा येतच नाही. आत अडकलेली तीच हवा पात्यांबरोबर गरगरत राहते, आणि आधीच फिरणाऱ्याला पुन्हा फिरवायला फारसे कष्ट लागत नाहीत. विहीर आटली की रहाट हलका फिरतो, रिकामे पोहरे वर येतात आणि बैलांची चाल वाढते. नळी तुंबलेला क्लीनर म्हणजे आटलेल्या विहिरीवरचा रहाट.

पण भार हलका झाला म्हणून वेग इतका का वाढावा? सीलिंग फॅनची मोटर अशी उधळत नाही. उत्तर मोटरच्या जातीत आहे. साधा पंखा, पाण्याचा पंप यांच्या मोटरी विजेच्या ५० हर्ट्झच्या तालाला बांधलेल्या असतात, मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर त्या जाऊच शकत नाहीत. क्लीनरमध्ये आणि मिक्सरमध्ये असते ती सिरीज मोटर, युनिव्हर्सल असंही तिला म्हणतात. दहावीच्या पुस्तकातली विद्युत चलित्राची आकृती आठवा: मधे फिरणारी गुंडाळी, बाजूला चुंबक, आणि गुंडाळीच्या टोकांच्या कड्यांना, म्हणजे कम्युटेटरला, टेकलेले दोन कार्बन ब्रश. क्लीनरमध्ये कायमच्या चुंबकाऐवजी विद्युतचुंबक असतो, आणि खुबी अशी की फिरणाऱ्या गुंडाळीतून, म्हणजे आर्मेचरमधून, जी वीज जाते तीच पुढे या चुंबकाच्या फील्ड कॉइलमधूनही जाते. दोन्ही एकाच माळेत. वीज उलटसुलट झाली तर दोन्हीकडे एकदमच होते, म्हणून ही मोटर एसीवर चालते आणि डीसीवरही.

फिरणारी प्रत्येक मोटर त्याच वेळी जनित्रही असते. चुंबकाच्या क्षेत्रात तार फिरली की तिच्यात व्होल्टेज निर्माण होतं, आणि ते बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला विरोध करतं. याला उलटं व्होल्टेज म्हणू. मोटरमधून किती वीज (म्हणजे विद्युतप्रवाह) वाहील, हे बाहेरचं व्होल्टेज वजा हे उलटं व्होल्टेज यावर ठरतं. वेग वाढला की उलटं व्होल्टेज वाढतं, वाहणारी वीज कमी होते. साध्या मोटरमध्ये गोष्ट इथे संपते. सिरीज मोटरमध्ये मात्र वीज कमी झाल्याबरोबर चुंबकही दुबळा होतो, कारण त्याला तीच वीज मिळते. चुंबक दुबळा झाला की तेवढंच उलटं व्होल्टेज निर्माण करायला मोटरला आणखी जोरात फिरावं लागतं. त्याने वीज आणखी घटते, चुंबक आणखी दुबळा, वेग आणखी जास्त. ही साखळी थांबते ती उरलेला थोडा भार आणि घर्षण यांच्याशी तोल जमल्यावर. मोठी सिरीज मोटर तर पूर्ण मोकळी कधीच चालवत नाहीत, ती स्वतःला मोडून घेईपर्यंत पळू शकते.

याचीच दुसरी बाजू आपल्या पुण्याच्या फार उपयोगाची ठरली. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर, आणि त्या इंजिनांत सिरीज मोटरी होत्या. घाटात भार आला की वेग उतरतो, उलटं व्होल्टेज घटतं, वीज वाढते, चुंबकही बलवान होतो. वीज दुप्पट तर जोर जवळजवळ चौपट. खंडाळ्याच्या चढावर नेमका हाच स्वभाव हवा असतो. खऱ्या भाराची खूण आवाज *उतरणं* ही आहे. गालिच्याची झालर ब्रशच्या रोलरमध्ये अडकते तेव्हा क्लीनरचा आवाज जड, खर्जातला होतो. तेव्हा मात्र एक सेकंदही न घालवता बटण बंद करा.

मग कमी भारावरचं काकूंचं मशीन तापून बंद का पडलं? कारण या मोटरला गार ठेवणारी हवा म्हणजे नळीतून आलेली, गाळून पुढे निघालेली तीच हवा. समजा तुंबल्यामुळे वीज पाऊणपट झाली. गुंडाळीत तयार होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती साधारण ५६ टक्क्यांवर आली. पण उष्णता वाहून नेणारी हवा जवळजवळ शून्यावर आली. चूल मंद केली, पण धुराडंही बुजवलं. आतला थर्मल कटआउट ठरावीक तापमानाला वीज तोडतो आणि गार झाल्यावर बहुतेक मशीनमध्ये आपोआप जोडतो. "बंद पडलं, मग थोड्या वेळाने आपोआप चालू झालं" असं कुणी सांगितलं, तर मोटर बहुधा शाबूत आहे आणि हवेची वाट बंद आहे.

यातून घरगुती तपासणीची एक पद्धत निघते. तिला तळहात आणि कान पुरतात. क्लीनर चालू करा, पाठीमागच्या नळीचं तोंड मोकळं करा आणि त्यावर तळहात दाबा. आवाज ठळक चढला, तर नळीपासून मोटरपर्यंत सगळं ठीक आहे, दोष खाली ब्रशच्या बाजूला शोधा. आवाज आधीच चढलेला असेल आणि तळहाताने काहीच फरक पडत नसेल, तर आत कुठेतरी तुंबलंय: फिल्टर, पिशवी किंवा नळीचं वळण. आवाज खालचा असेल आणि तळहात दाबूनही खालचाच राहिला, तर हवा मधेच कुठून तरी शिरतेय. नळीला चीर असेल, डब्याचं रबर निसटलं असेल किंवा डबा नीट बसला नसेल. बॅटरीवरच्या नव्या काडीसारख्या क्लीनरमध्ये वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं, त्यांना हे तंतोतंत लागू पडत नाही.

जाता जाता जाहिरातींबद्दल बोललंच पाहिजे. "इतके हजार पास्कल सक्शन" हा आकडा तोंड पूर्ण बंद असताना मिळतो, म्हणजे हवा वाहत नसताना, धूळ उचललीच जात नसताना. दाब आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार खरं काम सांगतो, आणि तो छापायचं बहुतेक टाळतात. वॅटचंही तेच. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती क्लीनरवर ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथल्या घरांची सफाई थांबली नाही. आणि काकू दिवेलागणीनंतर मशीन लावू देत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतो त्यात कष्टाच्या वस्तूचा मान आहे, तो मला प्रिय आहे. पण धुळीला घड्याळ कळत नाही, आणि नातवाला दम्याचा त्रास असेल तर संध्याकाळची धूळ रात्रभर गादीशेजारी ठेवण्यात कसलं शुभ? हा उभा क्लीनरसुद्धा दम्यातूनच जन्मला. ओहायोतल्या जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराला झाडूच्या धुळीने धाप लागायची. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं आणि १९०८ साली पेटंट मिळवलं.

काकूंच्या मशीनकडे वळतो. प्लग काढून ठेवला, ही पहिली गोष्ट. डबा उघडून मोटरच्या आधीचा स्पंज काढला तर त्यावर गुलाबी-पांढरा, पापडासारखा थर. नखाने खरवडला तर एकसंध पापुद्रा निघाला. दिवाळीचे चार दिवस दारातली रांगोळी काकू याच मशीनने उचलत होत्या. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आणि तिचे बारीक कण स्पंजाच्या छिद्रांत चपखल बसतात. भिंतीला ड्रिल मारल्यावरची धूळ आणि पीओपीची पूड याहून वाईट. असल्या धुळीला केरसुणी आणि ओलं फडकं, मशीन नको.

स्पंज साध्या पाण्यात, निवळ पाणी येईपर्यंत पिळला. तो पूर्ण वाळायला चोवीस तास द्यावे लागतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवसही. ओला बसवला तर धुळीचा चिखल होतो आणि कुबट वास घरभर फिरतो. घडीचा हेपा फिल्टर मात्र 'धुता येतो' असं लिहिलेलं नसेल तर धुऊ नये, पाण्याने त्याच्या तंतूंची जाळी बिघडते.

स्पंज वाळत होता तोवर ब्रशचा रोलर काढला. त्यावर काकूंचे आणि सुनेचे केस दोऱ्याच्या रिळासारखे गुंडाळलेले. शिवणकामातली टाके उसवायची हत्यारी रोलरच्या लांबीत एकदा फिरवली की सगळा गुंता सोलून निघतो. दोन्ही टोकांच्या टोप्या काढून बघायला विसरू नका, केस बेअरिंगमध्ये शिरून घट्ट गोळी करतात. रबरी बेल्ट तुटला नव्हता, पण आतून चकचकीत झाला होता. असा बेल्ट घसरतो: रोलर हवेत फिरतो, गालिच्यावर टेकवला की थांबतो, आणि जळक्या रबराचा वास येतो. तो बदलायचाच.

कार्बनही पाहिले. कम्युटेटरला टेकून घासत जाणारे हे ग्राफाइटचे दोन तुकडे झिजण्यासाठीच असतात. एक तृतीयांशाहून कमी उरले, स्प्रिंगचा दाब पुरेनासा झाला, की ठिणग्या वाढतात. मोटर थांबून थांबून चालते, आणि लोक "वाइंडिंग जळलं" म्हणून मोकळे होतात. कधी बदलायची वेळ आली, तर जुना कार्बन खिशात टाकून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जावं आणि मापाला माप लावून घ्यावं. काकूंचे निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

मुलाला एकच ताकीद दिली. हे १२० व्होल्टचं मशीन आहे. सिरीज मोटरला ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ याने बिघडत नाही, पण २३० व्होल्टने बिघडतं. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वगळून कुणी थेट भिंतीत लावलं, तर मोटर त्याच दिवशी जाईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पंज कडकडीत वाळला होता. बसवून बटण दाबलं. आवाज खालच्या पट्टीत, भरदार. वॉटमीटरवर १,१८०. काकूंनी स्वतः नळीवर तळहात दाबला, आवाज चढला, आकडा झरझर खाली आला. हात काढला, आवाज उतरला. त्यांनी तीनदा करून पाहिलं.