टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो-पूड आणि छापील इलेक्ट्रोड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महाविद्यालयीन प्रयोगशाळांना आम्ही प्रामुख्याने दोन वस्तू पुरवतो : प्रकाश-उत्प्रेरणासाठी, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने रासायनिक अभिक्रिया घडवण्यासाठी, टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो-पूड आणि विद्युत-रासायनिक संवेदनासाठी कार्बनचे छापील इलेक्ट्रोड. त्यांच्या वापराविषयी संशोधक विद्यार्थी ज्या शंका वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमची पूड अॅनाटेज या स्फटिकरूपातील आहे. तिच्या इलेक्ट्रॉनांच्या खालच्या आणि वरच्या ऊर्जापट्ट्यांतील अंतर सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे साधारण 388 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला, तरच इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. यांतील बहुतेक जोड्या पुन्हा एकत्र येऊन विरून जातात. ज्या जोड्या पृष्ठभागापर्यंत टिकतात, त्याच पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी अभिक्रिया करून रंगद्रव्याचे विघटन करणारी मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार करतात. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्याच रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपाच्या इलेक्ट्रोडवर पाण्याचे विघटन दाखवले, तेही अतिनील प्रकाशातच. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, म्हणून उन्हात ही पूड काम करते, पण सावकाश. घरगुती पांढऱ्या एलईडी दिव्याखाली मात्र तिच्याकडून काहीच अपेक्षा ठेवू नये.

चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग गेला म्हणजे उत्प्रेरण झाले, असे मानण्याची घाई सर्रास होते. पूड मिसळल्यावर दिवा लावण्यापूर्वी मिश्रण किमान अर्धा तास अंधारात ढवळावे, अधूनमधून नमुना काढून 664 नॅनोमीटरला शोषण मोजावे आणि ते स्थिरावल्यावरच प्रकाशातील वेळ मोजायला सुरुवात करावी. द्रावणाचा सामू साधारण सहाच्या वर असला की पुडीचा पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि धनभारित रंगद्रव्य त्यावर अधिक चिकटते. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसलेली पूड निळी दिसली, तर रंग नष्ट झालेला नसून केवळ जागा बदलून पुडीवर बसला आहे. पूड न घालता केवळ प्रकाशात ठेवलेले द्रावणही सोबत तपासावे. शिवाय दृश्य प्रकाश मेथिलीन ब्लू स्वतःच शोषते आणि पुडीला इलेक्ट्रॉन देऊन विघटित होऊ शकते; त्यामुळे एखाद्या पदार्थाची दृश्य प्रकाशातील क्षमता सिद्ध करायची असेल, तर फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर चाचणी घेणे आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. रंग उडाला तरी सेंद्रिय कार्बन पाण्यात शिल्लक राहू शकतो, हेही अहवाल लिहिताना विसरू नये.

हीच पूड इलेक्ट्रोडवर चालेल का, अशी विचारणा नेहमी होते. एकटी ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण अंधारात तिची विद्युतवाहकता अगदी कमी असते. तिच्या जोडीला ग्राफीन, कार्बन नॅनोनलिका किंवा सोन्याचे नॅनोकण लागतात. मिश्रणाचा थेंब इलेक्ट्रोडवर सोडून वाळवताना कण कडेला गोळा होतात आणि मध्यभाग विरळ राहतो, म्हणून थेंब लहान ठेवून सावकाश वाळवावा. प्रत्येक इलेक्ट्रोड वापरण्यापूर्वी पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणात तपासावा. विभव (व्होल्टेज) बदलत नेताना मिळणाऱ्या प्रवाहाच्या आलेखातील शिखरे बोथट किंवा एकमेकांपासून फार दूर आली, तर तो बाजूला ठेवावा.

संवेदकाची खरी परीक्षा बफरमध्ये, म्हणजे स्थिर सामूच्या स्वच्छ द्रावणात, होत नाही. डोपामिन मोजताना अॅस्कॉर्बिक आम्ल आणि युरिक आम्ल जवळपासच्याच विभवाला ऑक्सिडीकृत होतात आणि साध्या कार्बनवर तिन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्यक्ष नमुन्यात मोजायच्या पदार्थाचे ज्ञात प्रमाण मिसळून किती परत सापडते, ते पाहावे. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, कोऱ्या द्रावणाच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पटीला संहती आणि प्रवाह यांच्या आलेखाच्या उताराने भागून काढतात. पण आपला नमुना आलेखाच्या सरळ भागात बसत नसेल, तर ती मर्यादा कितीही लहान असली तरी कामाची नाही.

कोरडी पूड हाताळताना मुखपट्टी अवश्य लावावी : श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या, म्हणजे 2ब गटात केला आहे. वजन करताना पंखा बंद ठेवावा. छापील इलेक्ट्रोड तपासणीनंतर मोजणीसाठी एकदाच वापरावेत आणि त्यांच्या कार्यभागाला बोट लावू नये. वापरलेली पूड बेसिनमध्ये न ओतता बाटलीत साठवावी आणि प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्यावी.